लांगरी गुंडा आणि दोन माणसांचं माप

गुंडा साळुंखेला एकशे वीस माणसांचं रांधता येत होतं, दोघांचं येत नव्हतं. ही गोष्ट त्याला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळली आणि ती कळायला बायको मरणाच्या दारातून परत यावी लागली.

विट्यापासून सहा किलोमीटरवर त्याचं गाव. गल्लीतली बाकीची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात कुणी कानपूरला, कुणी कोइमतूरला पांगली. गुंडा भरतीला गेला आणि लांगरी झाला. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. पहिली दोन वर्षं तो गावात नुसतं 'मिल्ट्रीत हाय' एवढंच सांगायचा, कारण आमच्याकडे चुलीपुढच्या बाप्याला शूर म्हणायची पद्धत नाही. मग एका सुट्टीत कुणीतरी खोदून विचारलं आणि बिंग फुटलं. पण तोवर गुंडालाच त्या कामाचा अभिमान वाटायला लागला होता. बर्फात, पावसात, गोळीबाराच्या आवाजात त्यानं चोवीस वर्षं डेग, म्हणजे पलटणीचं भलंमोठं पातेलं, चढवली आणि एकाही जवानाला उपाशी झोपू दिलं नाही.

पेन्शनीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं हौसेनं घरात रस्सा केला. महिन्याचं तेल पाच दिवसांत संपलं आणि शेजारच्या तीन घरांना दोन दिवस रस्सा पुरला. सुलाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या हातातली पळी काढून घेतली. "तुमी शेताकडं बगा. हितनं पुढं माझी हद्द," ती म्हणाली. सीमेवर राहिलेल्या माणसाला हद्द कळते. अकरा वर्षं तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याअलीकडं राहिला, वेळेवर ताट समोर येत गेलं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत सुलाबाईला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस दवाखान्यात काढून ती बाहेर आली तेव्हा काट्यावर छत्तीस किलो भरली. ताप गेला, खोकला गेला, पण तोंडाची चवही त्यांच्याबरोबर गेली. भाकरी माती लागते, भात भुसा लागतो, असं म्हणून ती ताट सरकवायची. विट्याच्या डॉक्टर संयोगिता स्वभावानं मऊ, पण बोलायला सरळ. त्या गुंडाला म्हणाल्या, "काका, औषधाचं काम संपलंय. आता अन्न पोटात गेलं पाहिजे. पंधरा दिवसांनी वजन करू. वाढलं तर प्रश्नच नाही. आणखी उतरलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

सुलाबाईच्या आईनं शेवटचे चाळीस दिवस त्या नळीवर काढले होते आणि सुलाबाई तेव्हा उशाशी बसून होती. घरी येताना जीपमध्ये तिनं गुंडाच्या शर्टाची बाही धरली.

"मला नळी घालू दिऊ नका. काय वाट्टंल ते करा."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं नवऱ्याकडे काही मागितल्याचं गुंडाला आठवत नव्हतं. "न्हाई घालू देत," तो म्हणून बसला.

सांगलीहून लेकीचा, प्रियदर्शनीचा फोन आला. "आबा, तिला इकडं आणून सोडा. तुम्हाला एकट्याला जमायचं नाही."

"एकशे ईस जनांचं जमत हुतं की."

"तेच तर म्हणतेय मी."

लेक शाळेत गणित शिकवते. पण सुलाबाई घर सोडायला तयार नव्हती आणि गुंडा शब्दाला बांधलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, अंघोळ करून, बाह्या सरसावून तो अकरा वर्षांनी उंबऱ्यापलीकडे गेला.

त्यानं मुगाची खिचडी टाकली. हात तांदळाच्या डब्यात गेला आणि सवयीनं जेवढा भरून यायचा तेवढाच भरून आला, तोही चार वेळा. मीठ मुठीनं पडलं. दुपारी गल्लीतल्या सात घरांत खिचडी गेली. "भावजी, उद्या बी हाय का?" असं शेजारच्या अंजनानं हसत विचारलं. ज्या माणसासाठी खिचडी केली होती तिनं एक चमचा खाल्ला आणि तोंड फिरवलं. तीन दिवस असेच गेले. पेज झाली, सांजा झाला, गल्ली टुमटुमीत झाली आणि सुलाबाई अर्धा कप दूध-बिस्किटावर राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी गुंडाला मोरे आठवलं. मोरे हे आडनाव नव्हे, मणिपुरातलं बर्माच्या सीमेवरचं गाव. तिथं पलटण असताना तो भाजी घ्यायला बाजारात जायचा. बाजाराच्या टोकाला दॉ म्या नावाची एक बर्मी म्हातारी टपरी चालवायची. मलेरियानं पिळून निघालेली पोरं, ज्यांच्या तोंडाला पलटणीचं काहीच लागायचं नाही, ती या म्हातारीकडे एक बाऊल खायची आणि चार दिवसांत रोलकॉलला उभी राहायची. त्या पदार्थाला ती तोहू न्वे म्हणायची. बेसन पाण्यात भिजवून ठेवायचं, मग हळद-मीठ घालून सायीसारखं मऊ शिजवायचं आणि उकडलेल्या तांदळाच्या शेवयांवर गरम गरम ओतायचं. वर लसणाचं तेल, कुटलेले शेंगदाणे, तीळ, थोडा गुळाचा पाक, लिंबू, कोथिंबीर. बस. गुंडा चिकाटीनं तिच्याकडून ते शिकला आणि नंतर पलटणीत बारा-बारा किलो बेसनाचा तोहू त्यानं घातला होता.

सगळं सामान तर आपल्याच घरातलं. तांदळाच्या शेवयांचं पाकीट विट्याच्या दुकानात मिळालं. गुंडानं कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा किलो भागिले एकशे वीस, गुणिले दोन. बेसनाला भागलं, पाण्याला भागलं, मिठाला भागलं. एकाच गोष्टीला भागलं नाही, ती म्हणजे वेळ. बारा किलोची डेग दीड तास ढवळावी लागायची, म्हणून त्यानं पावशेराची कढई दीड तासाच्या हिशेबानं चढवली आणि घड्याळ समोर ठेवून मनोभावे ढवळू लागला. वीस मिनिटांत बेसनाचा गोळा झाला. त्यानं पाणी ओतलं. पुन्हा गोळा झाला.

पुढच्या सोप्यातल्या खाटेवरून सुलाबाईचा आवाज आला. "आवं, करपलं."

"न्हाई करपत. रंग धरतंय."

"मला हितवर वास येतोय. खाली घ्या कढई." लगेच तिनं विचारलं, "किती येळ ठिवलंय?"

"दीड तास ठिवायचं असतंय."

"दोन मान्सांच्या पिठल्याला दीड तास? जाड बुडाची कढई घ्या, गॅस बारीक करा. दहा-बारा मिंटं बास झाली. आन् घड्याळ काय बगताय, पळीकडं बगा. पळी तिरकी केली की सायीवानी घसरलं पायजे."

"हे पिठलं न्हवं."

"दिसतंय तर पिठलंच."

चोवीस वर्षं सुभेदार-मेजरपर्यंत कुणीही ज्याच्या डेगीत नाक खुपसलं नव्हतं, त्या माणसाला खाटेवरून हुकूम सुटत होते. गुंडाला राग यायला हवा होता. पण आजारी पडल्यापासून ती एवढी वाक्यं एका दमात बोलली नव्हती, म्हणून तो मुकाट्यानं कढई घासायला बसला.

पाचव्या दिवशी पोत जमला. पण शेवटच्या क्षणी हात आपोआप बरणीकडे गेला आणि कांदा-लसूण चटणीचा एक भलामोठा चमचा आत पडला. आमच्या भागात हा हात आवरणं सोपं नाही, लोक चहात ती घालत नाहीत एवढंच. औषधांनी सोललेल्या सुलाबाईच्या जिभेला ती अशी झोंबली की ठसका थांबेना. गुंडानं बरणी उचलून माळ्यावर टाकली.

सहाव्या दिवशी तोहू झाला. पळीवरून सायीसारखा घसरला. गुंडानं चाखून बघितलं आणि त्याला मोरेच्या बाजारातला पाऊस, ओल्या पोत्यांचा वास सगळं आठवलं. अगदी तसाच. तो बाऊल घेऊन खाटेपाशी गेला, तिच्या हातात दिला आणि पळी हातात धरूनच उभा राहिला.

"खा."

तिनं चमचाभर ओठांना लावला. "ठिवा. खाते मागनं."

तो अंगणात एक चक्कर मारून आला, तर बाऊल रिकामा. गुंडाचा आनंद गगनात मावेना. त्यानं लगोलग सांगलीला फोन लावला. रात्रीही बाऊल रिकामा झाला. सातव्या दिवशी तिन्ही वेळा रिकामा. गडी छाती काढून गल्लीतून फिरू लागला.

आठव्या दिवशी तो घराच्या कडेला शेळीला पाला टाकायला गेला. शेळीनं पाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या दाढीला पिवळंधमक काहीतरी लागलं होतं आणि त्यात शेंगदाण्याचा कूट होता. खाटेजवळची खिडकी बरोबर शेळीच्या डोक्यावर उघडत होती.

गुंडा आत आला तो तापलेला. कुकहाउसमध्ये भांडी खडखडायची तसा त्याचा आवाज चढला. "तीन दिस मी हितं घाम गाळतोय, आन् तू शेळी पोसतीस व्हय? नळी पायजे का तुला? पायजे का?"

सुलाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिकडं बघूनच ती म्हणाली, "तुमी उभं ऱ्हाता. पळी घिऊन. घास घशातच अडतोय."

"मग मी काय करू? भायेर जाऊ?"

"काय ठावं मला. मी कवा कुनापुढं खाल्लंय?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं, तशी ती बोलली होती. गुंडा मात्र अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसला आणि तासभर उठला नाही. लग्न झाल्यापासून तो सुट्टीवर यायचा तेव्हा ती त्याला वाढायची आणि नंतर आत, दाराकडे पाठ करून, उरलंसुरलं खायची. तो कायमचा घरी आल्यावरही तेच. अकरा वर्षं एका घरात राहून त्यानं आपली बायको घास चावताना एकदाही पाहिली नव्हती. कुठल्या शिपायाला वांगं चालत नाही, कुठल्या सुभेदाराला मीठ कमी लागतं, हे त्याला अजूनही तोंडपाठ होतं. सुलाबाईला काय आवडतं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

आणि तिथंच त्याला दॉ म्या नीट आठवली. म्हातारी कधी वाढायची नाही. आजारी पोरापुढं ती बुटक्या स्टुलावर बसायची, स्वतःचाही बाऊल भरून घ्यायची, छोट्या वाट्या मधे सरकवायची आणि खाली मान घालून आपलं आपण खायला लागायची. पोराकडे बघायचीसुद्धा नाही. थोड्या वेळानं त्या पोराचा हात शेंगदाण्याकडे जायचा. गुंडानं तिची कृती शिकून घेतली होती, माप लिहून घेतलं होतं, आणि हे सगळं मात्र सोडून दिलं होतं. ते कृतीत धरायचं असतं असं त्याला वाटलंच नव्हतं.

नवव्या दिवशी त्यानं अर्धी वाटी बेसन भिजवलं. शेवया उकडून बोटभर लांबीच्या कापल्या, लसूण तेलात तांबूस केला. मग खाटेशेजारी सतरंजी अंथरली, सुलाबाईला हाताला धरून खाली बसवलं, भिंतीला उशी लावून दिली. दोन बाऊल ठेवले, मधे सहा वाट्या. पळी आतच ठेवून आला.

"हे काय?" ती म्हणाली. "तुमी आदी खाऊन घ्या. मी बसते नंतर."

"तोहू थांबत न्हाई. घट बसतोय." हे खरंच होतं, त्यामुळं त्याला खोटं बोलावं लागलं नाही. त्यानं आपल्या बाऊलमध्ये लिंबू पिळलं आणि खायला लागला. नजर दाराबाहेर ठेवली. "शेळी आज पाला खातीया का बगाय पायजे. चटक लागली आसंल तिला."

सुलाबाईच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला. मग तिचा हात हलला. तिनं शेंगदाण्याचा कूट उचलला आणि नवऱ्याच्या बाऊलमध्ये घातला. सवयीचा हात तो, दुसरीकडे जाणार कुठं? गुंडानं पुन्हा एक घास घेतला आणि उसाच्या पाण्याच्या पाळीबद्दल काहीबाही बोलत राहिला. तिनं कोथिंबीर घेतली, तीही त्याला घातली. मग लिंबाची फोड उचलली, घटकाभर हातात धरली आणि आपल्या बाऊलवर पिळली.

एक चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती थांबली.

"लय आंबाट लागतंय."

"कमी करू का?"

"नगं. ऱ्हाऊ द्या." ती चमच्याकडे बघत म्हणाली, "लागतंय, म्हनलं."

गुंडा पाणी आणतो म्हणून आत गेला आणि माठापाशी उभं राहून रडला. तांब्या भरायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. परत आला तेव्हा बाऊल अर्धा रिकामा होता, आणि खिडकीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

त्यानंतर दिवसातून तीन वेळा सतरंजी पडू लागली. गुंडाला रोज नवीन काहीतरी कळत होतं. आपल्या बायकोला आंबट लागतं. गूळ नको असतो, लसूण करपायच्या जरा अलीकडचा आवडतो. खाताना ती मधेच थांबून दाणे वेचून खाते. बाराव्या दिवशी त्यानं कोंबडीचा पाव किलोचा तुकडा शिजवून, त्याचे दोरे काढून वर घातले. तेराव्या दिवशी ती म्हणाली, "ह्यात माझी चटनी जरा पडली तर काय बिगडंल?" चमच्याच्या टोकावर मावेल एवढी चटणी माळ्यावरून खाली आली. दॉ म्या काय म्हणाली असती कुणास ठाऊक, पण तिनंही बहुतेक चाखून बघितली असती.

पंधराव्या दिवशी विट्याला डॉक्टर संयोगितांच्या खोलीत सुलाबाई चप्पल काढून काट्यावर चढली. गुंडानं आकडा बघायचं टाळलं आणि भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे तोंड केलं.

"सदतीस किलो दोनशे," डॉक्टर म्हणाल्या.

सुलाबाई खाली उतरली आणि परत चढली. "पुन्यांदा बगा. काटा हालला आसंल."

"सदतीस दोनशेच."

"मग नळी?"

"नळी कशाला, मावशी? काय खायला घालताय यांना, काका?"

गुंडानं तोंड उघडलं, पण सुलाबाईनं त्याला बोलू दिलं नाही. खुर्चीत नीट बसून तिनं डॉक्टरला समजावून सांगितलं. "सोप्पं हाय बगा. कुनालाबी येतंय, ह्यास्नी सुदीक आलं. दोन मान्सास्नी अर्दी वाटी बेसन घ्या. दीड वाटी पान्यात दोन तास भिजू द्या. दुसरं दीड वाटी पानी उकळाय ठिवा, मीठ-हळद टाका. मग भिजीवल्यालं बेसन वरनं हळूहळू वता, पळी थांबवायची न्हाई. गॅस बारीक. सायीवानी झालं की उतरायचं. फोडनी न्हाई. शेवयावर वतायचं, वरचं ज्याचं त्यानं घ्यायचं. आन् एक हाय. एकट्यानं खायाचं न्हाई. संगट बसाय लागतंय, तवाच उतरतंय."

डॉक्टरनी औषधाच्याच कागदावर पाठीमागं ते सगळं लिहून घेतलं. दवाखान्याच्या पायरीवरून गुंडानं सांगलीला फोन लावला आणि पलटणीतल्यासारखं ताठ उभं राहून आकडा सांगितला. पलीकडून प्रियदर्शनी नुसती "आबा" म्हणाली.

दुपारी दोघं सतरंजीवर जेवत होती. एवढ्यात बाहेर काठी वाजली. आप्पासो आले. हे गुंडाचे थोरले भाऊ, गल्लीतले वडीलधारे. एकतीस वर्षं यांची काठी वाजली की सुलाबाई असेल तिथून उठून आत जायची. त्यांच्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, मग जेवायची गोष्ट दूरच. गुंडाचा हात घासावरच थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

सुलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उठली नाही.

"या आप्पा," ती म्हणाली. "बसा. आमी जेवतोय."

आप्पासो उंबऱ्यात तसेच उभे राहिले. त्यांनी भावाकडे बघून विचारलं, "गुंडा, कशी हाय रं तब्येत तिची?"

"तिलाच इचारा की," गुंडा म्हणाला. "समूर बसलीया."

"सदतीस किलो दोनशे," सुलाबाईनं सांगितलं. तिनं एक कोरा बाऊल त्यांच्या बाजूला सरकवला. "तुमचं तुमी घ्या, आप्पा. लिंबू हितं हाय, दानं तितं हायती."

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला लावली आणि गुडघ्यावर हात टेकत तो सतरंजीच्या कडेला बसला. सुलाबाईनं आपला चमचा उचलला, पुढचा घास तोंडात घातला आणि त्या दोघांच्या देखत सावकाश चावत राहिली.